भूक शांत असते त्या काळाविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली हे वाचून मनापासून बरे वाटले. तुझे गुडघे, तुझा मधुमेह आणि रात्री झोपेत अडखळणारा तुझा श्वास यांची चिंता मला गेली कित्येक वर्षे आहे, त्यामुळे हा निर्णय तू घेतलास याचा मला आनंद आहेच, शिवाय अभिमानही आहे. भूल, टाके आणि वेदना यांविषयी सर्जनांनी सगळे समजावून सांगितले, पण ‘पुढे मी जेवायचे कसे आणि जगायचे कसे’ हे अजून नीट उमगलेले नाही, असे तू लिहिले आहेस. माझी याच कामासाठीची, स्लीव्ह नावाची शस्त्रक्रिया होऊन आता काही वर्षे झाली आहेत, तेव्हा या एका प्रश्नावर मी तुला सविस्तर लिहू शकतो, आणि आज तेवढेच लिहिणार आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. शस्त्रक्रियेने जठर बदलते, सवयी बदलत नाहीत. मात्र सवयी बदलण्यासाठी एरवी कधीच न मिळणारी सवड ती मिळवून देते. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात, आणि घ्रेलिन नावाचे भूक चेतवणारे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होते. तुझी शस्त्रक्रिया जठराच्या बायपासची आहे. तिच्यात जठराच्या वरच्या टोकाशी साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी, लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्ही प्रकारांत सुरुवातीचे काही महिने भूक आश्चर्य वाटावे इतकी शांत असते. पुढे ती हळूहळू परतते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत खाली गेले, त्यानंतर काहीसे वाढले आणि मग बऱ्याच खालच्या पातळीवर स्थिरावले असे दिसून आले. त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाणही शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा कमी होते. याचा अर्थ मी असा घेतो की जमिनीला वापसा असतो तोवर पेरणी उरकावी लागते. भूक गप्प आहे तोवर जेवणाची नवी शिस्त अंगवळणी पडली, तर भूक परतल्यावर तीच शिस्त आपल्याला सांभाळून घेते.

शस्त्रक्रियेआधीच्या सुमारे दोन आठवड्यांच्या आहाराबद्दल तू नाराजीने लिहिले आहेस. त्याचे कारण कळले की तो सोसणे सोपे जाईल. यकृताचा डावा भाग जठरावर आलेला असतो, आणि चरबीने फुगलेले यकृत दुर्बिणीतून काम करणाऱ्या सर्जनच्या वाटेत येते. पिष्टमय पदार्थ आणि एकूण उष्मांक कमी केले की यकृतातला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आणि त्याच्याबरोबर धरून ठेवलेले पाणी उतरते, यकृत लहान आणि मऊ होते, आणि शस्त्रक्रिया अधिक सुरक्षितपणे करता येते. मात्र तुझ्या मधुमेहाच्या गोळ्या तुझ्या नेहमीच्या जेवणाच्या हिशेबाने दिलेल्या आहेत. आहार एकदम घटवून गोळ्या तितक्याच चालू ठेवल्या तर साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते, म्हणून आहार सुरू करण्याच्या आधीच मात्रा ठरवून घे. शस्त्रक्रियेनंतरही हा प्रश्न पुन्हा येईल, कारण बायपासनंतर पुष्कळ जणांची साखर, वजन फारसे उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत सुधारू लागते.

या दोन आठवड्यांच्या आधी अनेक जण आवडीच्या पदार्थांना निरोप दिल्यासारखे पोटभर, किंबहुना पोटापेक्षा जास्त, खाऊन घेतात. यामागचे दुःख मला पूर्णपणे समजते आणि ते कोणी हसण्यावारी नेले तर मला राग येतो. दिवसभराच्या कामानंतर ताट हीच ज्याची सोबत होती, त्याची ती सोबत काढून घेतली जात असते. पण त्या निरोपाच्या जेवणांनी दुःख हलके होत नाही, आणि यकृत मात्र नेमके नको तेव्हा फुगते. त्यापेक्षा, संध्याकाळच्या त्या रिकाम्या तासात तू काय करणार हे आताच ठरव. चालायला जाणे, कोणाशी तरी बोलणे, हाताला गुंतवून ठेवणारे एखादे काम, जे तुला मानवेल ते. शस्त्रक्रियेनंतर पोटाची भूक नसतानाही मन खायला मागते, आणि त्या मागणीला उत्तर आधीपासून तयार असलेले बरे. काही जणांना या काळात खोल उदासी येते. तसे जाणवले तर ते वजनाच्या आकड्याइतक्याच मोकळेपणाने डॉक्टरांना सांग. समुपदेशन हा या उपचाराचाच भाग आहे.

शस्त्रक्रियेनंतरचे टप्पे तुला छापील कागदावर मिळतील. आधी पातळ पेये, मग दूध किंवा गाळलेले सूप यांसारखे द्रव, नंतर वाटलेले, नंतर मऊ, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे अन्न. जठरावरची शिवण भरून यायला हा वेळ लागतो, म्हणून ‘मला बरे वाटते आहे’ एवढ्यावरून एकही टप्पा ओलांडू नकोस. या काळातली खरी परीक्षा पाण्याची असते. दिवसाला दीड लिटर पाणी एकेका घोटाने प्यायचे म्हणजे जवळजवळ दिवसभर हातात बाटली धरून बसण्यासारखे आहे, आणि शरीरातले पाणी कमी होणे हे पहिल्या आठवड्यांत रुग्णालयात परत दाखल व्हावे लागण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. लघवी गडद दिसू लागली किंवा उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर वाट पाहू नकोस.

मऊ अन्नावर येशील तेव्हा पहिले अंडे कसे खायचे ते सांगतो, कारण या एका वाटीत सगळे शिक्षण आहे. अंडे मऊसर शिजवून लहान वाटीत घे आणि लहान मुलांच्या चमच्याने खा. नखाएवढा घास घे, चमचा खाली ठेव, घास तोंडात पूर्ण पातळ होईपर्यंत चाव, आणि गिळल्यावर थोडे थांब. तो घास छातीखालून उतरल्याचे तुला जाणवेल. पोट भरल्याची जुनी खूण, तो सैल, सुस्त भरलेपणा, आता येणार नाही. तिच्या जागी छातीच्या हाडामागे हलका दाब येईल, कदाचित एखादी उचकी लागेल, किंवा अचानक नाकातून पाणी येऊ लागेल. नाकाचे हे काय प्रकरण आहे असे सुरुवातीला वाटते, पण पुष्कळांना पोट भरल्याचा इशारा असाच मिळतो. त्या इशाऱ्यानंतर वाटीत उरलेला एक घास हा निव्वळ एक घास नसतो. तो घेतला तर पुढचा अर्धा तास कळा, तोंडाला सुटलेले पाणी आणि उलटी यांत जातो. अन्न वाया घालवू नये हे आपल्या मनात इतके खोल रुजलेले आहे की वाटीत अन्न सोडणे हे तुला सर्वांत जड जाईल. म्हणून वाढूनच कमी घे.

ताटातला क्रम आधी प्रथिने, मग भाज्या, आणि जागा उरली तर धान्य, असा ठेव. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम मिळतात आणि पेलाभर दुधातून सहा-सात, तेव्हा दोन जेवणांत हा हिशेब जुळणे शक्य नाही. दिवसातून पाच-सहा वेळा, ठरलेल्या वेळी, थोडेथोडे खावे लागते आणि सुरुवातीला प्रथिनांच्या पावडरीची मदत घ्यावी लागते. प्रथिने कमी पडली तर उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही अधिक जातात. पाणी आणि जेवण वेगळे ठेव: जेवताना पिऊ नकोस आणि जेवणानंतर अर्धा तास थांब, नाहीतर त्या लहानशा पिशवीतले अन्न लवकर पुढे सरकते आणि पोट भरल्याची भावना टिकत नाही.

बायपासमुळे तुला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागेल. गोड पदार्थ किंवा गोड पेय आतड्यात एकदम उतरले तर अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा आणि जुलाब असा प्रकार होतो. डॉक्टर त्याला डम्पिंग म्हणतात. दुसऱ्या प्रकारात खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी साखर खाली जाते आणि हातपाय थरथरतात. पण सगळ्यांनाच हा त्रास होतो असे नाही, आणि ज्यांना होत नाही त्यांनी अधिक सावध राहावे असे माझे स्पष्ट मत आहे. आइस्क्रीम, चॉकलेट, चहात बुडवलेले बिस्किट असे पदार्थ तोंडातच विरघळतात, लहान पिशवीला ते अडवता येत नाहीत. उतरलेले वजन पुष्कळदा मोठ्या जेवणांमुळे परत येत नाही, ते येता-जाता तोंडात टाकलेल्या अशा गोष्टींमुळे येते.

आता जे लिहितो आहे त्याखाली तू रेघ मारून ठेव. जीवनसत्त्वे आणि खनिजांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. बायपासमध्ये लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळला जातो, आणि लोह व कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषले जातात. कॅल्शियम शक्यतो सायट्रेट स्वरूपाचे घे, कारण त्याला जठरातल्या आम्लाची गरज लागत नाही; ते दिवसातून दोन-तीन वेळा विभागून घे आणि लोहाची गोळी त्यापासून किमान दोन तास लांब ठेव. बी-१२चा साठा शरीरात बराच काळ पुरतो, म्हणून गोळ्या सोडल्या तरी वर्ष-दोन वर्षे काहीच बिघडले नाही असे वाटते, आणि मग पायांना मुंग्या येऊ लागतात. याउलट थायामिन म्हणजे बी-१चा साठा अवघ्या दोन-तीन आठवड्यांचा असतो. उलट्या थांबत नसतील तर त्याच्या अभावी मेंदूला आणि नसांना कायमची इजा होऊ शकते. चालताना तोल जाणे, दोन प्रतिमा दिसणे, गोंधळल्यासारखे होणे असे काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठ आणि आपली शस्त्रक्रिया झाली आहे हे तिथे पहिल्याच वाक्यात सांग.

गुडघ्यांसाठी तू इतकी वर्षे आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक घेत आला आहेस. बायपासनंतर या गोळ्यांनी नव्या जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो, म्हणून दुखण्यासाठी दुसरा कोणता उपाय चालेल हे आधी विचारून ठेव. तंबाखूचेही तेच. मद्य बायपासनंतर फार झपाट्याने रक्तात चढते, आणि पुढच्या वर्षांत व्यसन जडण्याचा धोका वाढतो हे दिसून आले आहे. तू ते पूर्ण सोडावेस असे मला वाटते.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात पुष्कळांचे केस गळतात. ते बहुतेकदा परत येतात. मधेच कधीतरी, अगदी मूठभर खात असतानाही, वजन दोन-तीन आठवडे जागचे हलत नाही, तेव्हाही घाबरू नकोस. आठवड्यातून एकदाच वजन कर. चालणे रुग्णालयातच सुरू होईल, जड उचलणे मात्र काही आठवडे टाळावे लागेल, आणि परवानगी मिळताच स्नायूंना ताकद देणारे व्यायाम नक्की सुरू कर.

हे पत्र वहिनींनाही वाचायला दे. आग्रह करून वाढण्यातून त्यांनी आजवर तुझ्यावरची माया दाखवली आहे, आणि तू चार घासांत उठशील तेव्हा त्यांना आपलेच काही चुकले असे वाटेल. त्यांना आधीच सांग की तुझ्या शेजारी बसून सावकाश जेवणे हीच आता सर्वांत मोठी मदत आहे. ‘हा तर सोपा मार्ग’ असे म्हणणारेही भेटतील. त्यांना उत्तर देण्यात शक्ती घालवू नकोस. कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही हे ठरवण्याचा हक्क तुझा आहे.

रुग्णालयातून घरी सोडण्याआधी रक्ततपासणीच्या तारखा लिहून घे. साधारणपणे तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर दरवर्षी तपासण्या असतात. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून पहिले सहा महिने औषध लागेल का, हेही विचार. यकृतासाठीचा तो आहार सुरू केलास की तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोके दुखेल आणि चिडचिड होईल. त्या दिवशी मला फोन कर, कोणत्याही वेळी.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र