सिंहगडावरच्या सोमवारच्या टेम्पोसाठी हॉटेल आणि सहल व्यावसायिकांना आवाहन

स. न. वि. वि.

दर रविवारी अतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढायचा आणि वरचा कचरा गोळा करायचा, एवढंच आमच्या मंडळाचं काम. गेल्या रविवारी चौदा पोती भरली. वाहनतळाच्या कडेला नीट रचून ठेवली. सोमवारी न्यायला टेम्पो नव्हता. मंगळवारपर्यंत कुत्र्यांनी पोती फाडली आणि निम्मा कचरा वाऱ्याने पुन्हा दरीत गेला.

पोत्यांत काय निघतं? नाश्त्याचे कागदी डबे, सॉसच्या पुड्या आणि पाण्याच्या लहान बाटल्या, काहींवर हॉटेलचं नाव छापलेलं. पाहुण्यांना गड दाखवता, सोबत खाणं बांधून देता, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण गडावर दही विकणाऱ्या मावशी रिकामं मडकं परत मागून घेतात. बाटली कोणी मागत नाही.

आमचं मागणं: सोमवारच्या टेम्पोचं भाडं, वर्षभर. एकेका हॉटेलने एकेक सोमवार घेतला तरी ५२ फेऱ्या होतात. पैसे आमच्या हातात नकोत. टेम्पोवाल्याला थेट द्या, पावती स्वतःच्या नावाने घ्या.

मोठ्या साखळी हॉटेलांसाठी थोडं कायद्याचं. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नक्त मूल्य (नेट वर्थ) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं एक जरी गाठलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान २ टक्के सीएसआरवर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करावे लागतात, आणि पर्यावरणाचं काम त्यात बसतं. मात्र १ एप्रिल २०२१ पासून हे काम कंपनीसाठी करणाऱ्या संस्थेला सरकारकडे सीएसआर-१ अर्जाने नोंदणी करावी लागते. आमची ती नाही. म्हणून कंपनीने टेम्पो स्वतः ठरवावा, नाहीतर नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत. आठ खोल्यांच्या लॉजला यातलं काहीच लागू नाही, ठाऊक आहे. त्यांच्याकडे शेजारधर्म म्हणून मागतोय.

बाद झालेल्या चादरीही चालतील. मंडळातल्या दोघींकडे शिलाई मशीन आहे, नाश्त्याच्या डब्यांसाठी त्यांच्या पिशव्या होतील.

वृक्षारोपण मात्र कृपया नको. पावसाळ्यात बॅनर धरून फोटो निघतात, उन्हाळ्यात रोपांना पाणी घालायला कोणी फिरकत नाही, आणि तो बॅनरही शेवटी आमच्याच पोत्यात येतो.

ज्यांना सोमवार घ्यायचा आहे त्यांनी कुठल्याही रविवारी सकाळी सातला अतकरवाडीच्या पायथ्याशी यावं. सोमवारांची वही बरोबर असते.