पाच अक्षरी तुरुंग

पुणे, रविवार

प्रिय मंदार,

तुझ्या इंग्रजी शब्दकोड्यात अडलेला शब्द 'क्लिंक'. पेल्याला पेला लागला की होतो तो आवाज, आणि बोलीभाषेत तुरुंग. तू तिथे 'क्लँग' भरलास, म्हणून उभे शब्द जुळेनात. क्लँग म्हणजे जड लोखंडाचा घणघणाट. क्लिंक नाजूक, किणकिण. 'जिंगल' किल्ल्यांच्या जुडग्याचा, 'टिंकल' लहानशा घंटीचा, आणि 'टोल' म्हणजे चर्चची घंटा एकेक ठोका लांबवत वाजते तो, बहुतेक मयतीचाच. कोडं रचणारे या सगळ्यांना सरसकट 'नाद' एवढीच खूण देऊन मोकळे होतात. शुद्ध आळस!

पण गंमत पुढेच आहे. क्लिंक हा खराखुरा तुरुंग होता, लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण काठी, सदर्क भागात. मालक कोण, तर विंचेस्टरचे बिशप. बाराव्या शतकापासून तो तिथे होता. १७८० च्या कॅथलिकविरोधी गॉर्डन दंगलीत लोकांनी जाळला तेव्हा संपला. भोवतालच्या बिशपच्या हद्दीला नाव काय, तर 'लिबर्टी ऑफ द क्लिंक'. लंडन शहराचा हुकूम तिथे चालत नसे. म्हणून रोझ आणि ग्लोब ही नाटकघरं तिथे, अस्वलांच्या झुंजी जवळच, आणि वेश्यावस्तीही बिशपच्याच नियमांखाली. त्या बायकांना लोक 'विंचेस्टरच्या हंसिणी' म्हणत. म्हणजे धंद्याचं उत्पन्नही धर्मपीठाला आणि कैदखानाही धर्मपीठाचाच.

नाव बेड्यांवरून पडलं की दाराच्या कड्यांवरून, यावर पंडित भांडोत बापडे. मला त्यात दुसराच खणखणाट ऐकू येतो. त्या काळी इंग्लंडात जेलरची कमाई कैद्यांकडूनच व्हायची. अंथरुणाचे पैसे, जेवणाचे पैसे; चार नाणी जास्त दिली तर जड बेड्या काढून हलक्या घालणार. बेडीचा आवाज कमी करायचा तर नाण्यांचा करायचा! आणि आत बसलेले बरेचसे कर्ज फेडता आलं नाही म्हणूनच आत. सदर्कमधल्याच मार्शलसी तुरुंगात १८२४ साली चार्ल्स डिकन्सचे वडील असेच अडकले होते. आपण तुरुंगाला 'बिनभाड्याचं घर' म्हणतो ना, ते या मंडळींना मुळीच पटलं नसतं.

नदीपलीकडे न्यूगेटचा तुरुंग. १६०५ साली रॉबर्ट डाऊ नावाच्या व्यापाऱ्यानं शेजारच्या सेंट सेपल्कर चर्चला ५० पौंड दिले. कशासाठी? फाशीच्या आदल्या रात्री बाराला त्या कैद्याच्या कोठडीबाहेर हातघंटा वाजवायची आणि पश्चात्ताप करा अशा ओळी म्हणायच्या. देणाऱ्याला पुण्य लाभलं असेल. पण आतला माणूस ऐन त्या रात्री झोपला असेल, तर त्याला उठवायचं? मला हे दान वाटत नाही, छळ वाटतो.

तुरुंगासाठीचे बाकीचे इंग्रजी शब्द भराभर सांगतो, पुढे कधीतरी कोड्यात येतील. 'स्लॅमर', धाडकन बंद होणाऱ्या दारामुळे. 'अप द रिव्हर', कारण न्यूयॉर्कचे कैदी हडसन नदीनं वर सिंगसिंगच्या तुरुंगात धाडले जात. 'हूसगाऊ' हा स्पॅनिश 'हुसगादो'चा, म्हणजे कोर्टाचा, अमेरिकी अवतार. आणि 'चोकी'! ती तर आपली चौकी. इंग्रज इथून जाताना बोलीत घेऊन गेले. उलट आपला 'तुरुंग' पोर्तुगीज 'त्रोंको'वरून आला, असं मानतात. त्रोंको म्हणजे झाडाचं खोड, आणि कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडाही. तेव्हा कुठला चोर कुणाच्या घरात, हे ठरवायला बसू नकोस.

लंडनच्या बरो मार्केटला तू जातोसच. क्लिंक स्ट्रीट तिथून हाकेच्या अंतरावर आहे. बिशपच्या वाड्याची गोल खिडकीवाली भिंत अजून उभी आहे. मग पूल ओलांडून सेंट सेपल्करला जा. ती हातघंटा काचेच्या पेटीत ठेवली आहे. तिचा फोटो पाठव, पण काचेत तुझं पोट दिसणार नाही असा काढ.

वहिनींना नमस्कार. काकांचं पथ्य चालू आहे का, ते कळव.

तुझा,
श्री