टर्मिनल वाढले, धावपट्टी तीच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातली पुण्याच्या लोहगाव विमानतळावर रखडलेल्या विमानांची बातमी आणि तिच्यासोबतचे स्फुट वाचले. नवे टर्मिनल उभे राहूनही विमाने का वाढत नाहीत, असा सवाल करून सगळा ठपका हवाई दलाच्या सरावावर ठेवला आहे. आपल्यासारख्या जबाबदार दैनिकाने इतक्या घाईने निकाल द्यावा, हे पटले नाही.

नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले आणि ते प्रवाशांसाठी खुले झाले १४ जुलैला. गर्दी विरळ झाली, बसायला जागा मिळाली, हे चांगलेच झाले. पण टर्मिनलमध्ये माणसे मावतात. विमाने किती येणार-जाणार हे धावपट्टी ठरवते, आणि ती एकच आहे, २,५३५ मीटरची. मुळात हा हवाई दलाचा तळ, १९३९ सालचा. धावपट्टी हवाई दलाची, एटीसी म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणही हवाई दलाचे. विमानतळ प्राधिकरणाच्या हाती टर्मिनल आणि त्यापुढचा एप्रन (विमाने उभी करायची जागा), म्हणजे सिव्हिल एन्क्लेव्ह, एवढेच आहे. हवाई दल उतरण्या-उडण्याच्या जेवढ्या वेळा, म्हणजे स्लॉट, देईल, तेवढ्यातच कंपन्यांना वेळापत्रक बसवावे लागते.

'सराव' हा शब्द आपल्या बातमीत चार वेळा आला, पण सरावाने नेमके काय अडते ते कुठेच नाही. लढाऊ विमाने प्रवासी विमानासारखी लांबून सरळ रेषेत उतरत नाहीत. दोन किंवा चारच्या गटाने धावपट्टीवरून जातात, एकेक करून वळतात, चक्कर घेतात आणि ठरावीक अंतर ठेवून उतरतात. परतताना त्यांच्याकडे इंधन बेताचेच असते, त्यामुळे त्यांना थांबवता येत नाही. थांबायचे ते प्रवासी विमानाने. सुखोई उतरल्यावर मागे ब्रेक-पॅराशूट उघडते. ते ठरलेल्या जागी सुटले तर ठीक, धावपट्टीवरच पडले तर उचलून नेईपर्यंत पुढचे विमान सोडता येत नाही. एखाद्याचा टायर फुटला तर आणखी वेळ जातो, कारण रिम डांबरात रुतलेली असताना विमान ओढून नेता येत नाही. जॅक लावून चाक तिथेच बदलायचे, रबराचे तुकडे वेचायचे, पृष्ठभाग तपासायचा आणि मगच वाहतूक सुरू करायची. हे तासाभराच्या आत क्वचितच उरकते. दुसरी धावपट्टी असती तर प्रवाशाला ते कळलेही नसते.

एकाच धावपट्टीवर विसंबणे म्हणजे काय, हे पुण्याने एकदा पाहिले आहे आणि आपल्या स्फुटात त्याचा साधा उल्लेखही नाही. धावपट्टीचा थर बदलण्यासाठी २६ ऑक्टोबर २०२० पासून वर्षभर लोहगाव रात्री ८ ते सकाळी ८ बंद होते. जुना डांबरी थर खरवडायचा, नवा गरम थर द्यायचा, तो चाकांचा भार पेलण्याइतका थंड होऊ द्यायचा. जिथे त्या रात्रीचे काम थांबेल तिथे उतार करून ठेवायचा, नाहीतर जुन्या-नव्या थराच्या पायरीवर सकाळी विमानाचे चाक आदळेल. मग पट्टे रंगवायचे, सगळी धावपट्टी झाडून घ्यायची, कारण इंजिनात एक खडी गेली तरी पाती खराब होतात. रोज रात्री हेच. त्यानंतर १६ ऑक्टोबर २०२१ पासून चौदा दिवस विमानतळ पूर्ण बंद ठेवावा लागला आणि लोकांना रस्त्याने मुंबई गाठावी लागली. तेव्हा करोनामुळे वाहतूकच कमी होती, म्हणून निभावले. डांबरी थर साधारण दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा द्यावाच लागतो. पुढची खेप येईल तेव्हा विमाने कितीतरी जास्त असतील, धावपट्टी मात्र हीच असेल. त्या वेळी प्रवाशांना कुठे वळवणार, हे आजच विचारायला हवे. पुरंदरच्या नियोजित विमानतळाच्या आशेवर हा प्रश्न सोडता येणार नाही.

लांबीबद्दलही तसेच. पुण्याहून थेट लंडन का नाही, असे आपल्या पुरवणीत वारंवार छापून येते. एकदा ढोबळ हिशेब करून पाहावा. उंचीच्या दर ३०० मीटरला धावपट्टी ७ टक्के जास्त लागते. लोहगाव ५९२ मीटरवर आहे, म्हणजे जवळपास १४ टक्के. या उंचीवरचे प्रमाण तापमान ११ अंश धरतात. त्यापेक्षा वाढलेल्या प्रत्येक अंशाला आणखी एक टक्का. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ वर असला की २७ टक्के. या हिशेबाने २,५३५ मीटरची धावपट्टी समुद्रकाठच्या थंड हवेतल्या सुमारे १,७५० मीटरच्या तोडीची उरते. पोटभर इंधन घेतलेले मोठे विमान तेवढ्यात उठत नाही. छोट्या विमानालाही कधी कधी वजन कमी करावे लागते, आणि मग 'सामान मागच्या विमानाने येईल' असे प्रवाशाला ऐकावे लागते. यात हवाई दलाचा काय दोष?

मागण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. गोव्यात दाभोळीचा तळ नौदलाचा. तिथे कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखीव असतात आणि ते सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून कंपन्या त्या वेळेत विमाने ठेवतच नाहीत. पुण्यातही सुरक्षेला बाधा न येता जेवढ्या वेळा आधी सांगता येतील तेवढ्या प्रवाशांपर्यंत पोहोचायला हव्यात. धावपट्टी बंद राहणार असेल तर नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, निघतोच. आपण हवामानाचा अंदाज छापता, तशी ही एक ओळही छापावी. आणि उशिराची बातमी देताना धावपट्टी अडली होती, एप्रन भरला होता की विमानच मागच्या शहरातून उशिरा निघाले, हे विचारून घ्यावे. 'ऑपरेशनल कारण' एवढ्यावर कंपन्यांना सोडू नये.

जाता जाता, त्याच पानावर पक्षी धडकल्याची चौकट होती. विमान नियम, १९३७ मधला ९१ वा नियम विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा आणि मांसाचे टाकाऊ भाग टाकायला मनाई करतो. लोहगाव, धानोरी, वाघोली हा सगळा भाग त्या कक्षेत येतो. घारी येतात त्या या कचऱ्यावर. ही जबाबदारी हवाई दलाची नाही आणि वैमानिकाचीही नाही. तळाच्या भिंतीबाहेरचे ढीग कोण उचलणार, याची बातमी आपल्या वार्ताहराने करावी.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे