कंडक्टरकाका, हे तुमच्यासाठी

ती. काका,
सा. न. वि. वि.

ह्यांच्या आजारपणात तुम्ही जे केलंत त्याचे तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘पुरे गो बाय’ म्हणता आणि बोलणं सुपारीच्या भावावर नेता. म्हणून हे लिहून काढतेय, तेही चारचौघांत. नाव घातलेलं नाही. डिचोलीत ज्यांना कळायचं त्यांना ते न घालताही कळेल. ह्यांनी मजकूर वाचलाय. एक वाक्य खोडायला सांगितलं, ते खोडलं. बाकीचं ‘असूं दी’ म्हणाले.

खाण बंद होणं आमच्या घराला नवीन नव्हतं. 2012 साली पहिल्यांदा बंद झाली तेव्हा हे पोकलेनवर होते. कंपनीने पगार थांबवला नव्हता आणि ‘आज ना उद्या सुरू होईल’ असं अख्खा तालुका म्हणत होता. पुढे सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या लोहखनिजाला वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, तेव्हा ते खरंही झालं. पण 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने खाणींच्या 88 लीजांचं नूतनीकरणच रद्द झालं आणि 16 मार्चपासून यंत्रं थांबली. कोर्टाने जे पाहिलं ते पाहिलं. शिरगाव-मयेकडच्या शेतांत उतरलेला खाणीचा गाळ मीही पाहिलाय, तेव्हा त्यावर मी वाद घालणार नाही. आमच्या घरापुरता निकालाचा अर्थ एवढाच होता की पहिल्या पाळीला अंधारात बाहेर पडणारा माणूस आता दिवसभर घरात होता. आधी अर्धा पगार आला, मग हिशेब आणि पत्र. कंपनीचं नाव घेऊन आता काय करायचंय!

सुरुवातीला हे बरे होते. अर्ज करत होते, वाळपईपासून वेर्ण्यापर्यंत फिरत होते. कुठे वय जास्त, कुठे पगार निम्म्याहून कमी, कुठे ‘कळवतो’. नंतर फिरणं कमी झालं. पहाटे तीनलाच जाग यायची, आणि मग सोप्यावर काळोखात बसून राहायचं. आंघोळीला जा म्हटलं की ‘जातां’ म्हणायचे आणि टॉवेल मांडीवर घेऊन तिथेच. बांगड्याचं हुमण समोर असलं तरी भात नुसताच कालवला जायचा. फोन वाजला तर पालथा करून ठेवायचे. मुलाखतीचं बोलावणं असलं तर जावं लागेल, ही भीती. नोकरी हवी असलेला माणूस नोकरीच्या फोनला घाबरत होता, आणि आम्हाला कुणाला त्यात विचित्र असं काही दिसत नव्हतं.

कारण घरात औषध आधीच ठरलेलं होतं. नोकरी! मामंजी आमदारांच्या दारात उभे राहून आले. जाऊबाईंनी भावाला आखातात फोन लावला. सासूबाईंनी दिष्ट काढली, देवीला कौल लावला, गाऱ्हाणं घातलं, आणि त्या गाऱ्हाण्यातही मागणं एकच होतं. काम मिळू दे, म्हणजे हा उठेल. येणारा-जाणारा प्रत्येकजण दारातूनच विचारायचा, ‘कितें रे, जालें काम?’ हे मान हलवायचे आणि आत जायचे.

तुम्ही आलात ते पुतण्याच्या लग्नाची पत्रिका द्यायला. कामाबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. ह्यांच्याकडे जरा वेळ बघून विचारलंत, ‘न्हीद पडटा रे?’ इतक्या महिन्यांत झोपेचं कुणी विचारलं नव्हतं. हे म्हणाले, ‘ना.’ मग भूक विचारलीत, आणि सकाळी जास्त जड वाटतं की संध्याकाळी ते विचारलंत. जाताना मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठून म्हणालात, ‘पयलीं ताका दोतोराक दाखय बाय. नोकरी मागीर.’

मी म्हटलं, नोकरी नाही म्हणून तर हे असे झालेत. तेव्हा तुम्ही जे सांगितलंत त्यासाठीच मुळात हे पत्र आहे. बेकारीने दुखणं आणलं असेल, पण आता आलेलं दुखणं स्वतःच्या पायावर उभं आहे, ते नोकरीची वाट बघत थांबणार नाही. आज उद्या कुणी नोकरी आणून हातावर ठेवली तर हा ती करू शकेल का, ते सांग. मी गप्प राहिले. टॉवेल घेऊन बसलेला माणूस पोकलेनचं लिव्हर कसा धरणार होता?

बांबोळीचं, म्हणजे तिथल्या मानसोपचार संस्थेचं, नाव काढल्यावर घरात काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडे ‘त्याला बांबोळीला नेला’ हे वाक्य कसल्या आवाजात म्हणतात ते वेगळं सांगायला नको. तुम्ही मात्र वर्षानुवर्षं पणजी-मडगाव मार्गावर तिकिटं फाडलेली. बांबोळीला उतरणारी माणसं तुम्ही रोज पाहिलीत. फाईल कापडी पिशवीत उलटी घालून पोटाशी धरलेली माणसं. तुम्ही मामंजींना म्हणालात की या तालुक्यातली किती बरी बरी घरं तिथे येतात ते मला विचारा, नावं मात्र सांगणार नाही. मामंजी त्यावर हसले. त्या दिवसांत आमच्याकडे हसणं दुर्मीळ होतं. आणि कौलाला तुम्ही नावं ठेवली नाहीत. ‘देवाक कौल लायात, दोतोराची गुळीय घेयात,’ म्हणून सासूबाईंनाही तुमच्या बाजूला घेतलंत. मी दहा दिवस भांडले असते तरी ते झालं नसतं.

पहिल्या खेपेला हे येणार नाहीत अशीच माझी खात्री होती. सकाळी तुम्ही फाटकाशी उभे राहून हाक दिलीत, ‘चल रे, पणजे वचून येवंया.’ बांबोळी नाही, पणजी. यांना ठाऊक होतं कुठे जायचंय, तरी त्या हाकेने चपला पायात गेल्या. बसमध्ये तुम्ही ह्यांना खिडकीशी बसवलंत आणि स्वतः बाहेरच्या बाजूला. पणजीच्या कदंब स्टँडवर गाडी बदलल्यावर तुमची जुनी सवय जागी झाली. मी मागच्या सीटवरून ऐकत होते, मेरशीचा थांबा जवळ आल्यावर तुम्ही तोंडातल्या तोंडात ‘मेरशी, मेरशी’ पुटपुटलात आणि नव्या कंडक्टरने सुट्टे परत देताना चूक केली तर त्याला डोळ्याने दाखवलीत. हे तुमच्याकडे बघत होते. कुणाकडे तरी बघत होते, हेच मला पुष्कळ वाटलं.

मानसोपचार संस्थेच्या ओपीडीत गर्दी होती आणि आपल्यासारखीच माणसं होती. डॉक्टरांनी वेळ घेऊन विचारलं. नैराश्याचा आजार आहे, गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, आधी तोंड सुकणं, सुस्ती असले त्रास होतील, म्हणून मधेच सोडू नका, असं नीट समजावलं. परतताना तुम्ही आम्हाला पणजीत पातळभाजी-पाव खायला नेलंत, आणि मग मांडवीच्या काठाने जुन्या सचिवालयाकडच्या आबे फारियाच्या पुतळ्यापाशी. आपला कांदोळीचा माणूस पॅरिसला जाऊन संमोहन शिकवत होता, आणि आम्ही इथे बांबोळीचं नाव घ्यायला लाजतो, असं काहीतरी बोललात. ह्यांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. पाव मात्र दोन खाल्ले.

पहिला पंधरवडा वाईट गेला. सुस्ती आली, गुण दिसेना, घरात ‘बघा, सांगत होतो’ सुरू झालं. त्याच दिवसांत एकदा सोप्यावर बसून तुम्ही ह्यांना सरळ विचारलंत, ‘मरूंक दिसता रे?’ मी चहा घेऊन येत होते, दारातच थिजले. असला प्रश्न तोंडातून काढू नये, नसता विचार डोक्यात जातो, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. हे म्हणाले, ‘हय, केन्ना केन्ना.’ आणि मग बोलले. लग्नापासून मी ह्यांना इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. विचारल्याने विचार डोक्यात जात नाही, तो असलाच तर बाहेर यायला वाट मिळते, हे पुढच्या खेपेला डॉक्टरांनीही सांगितलं. त्याच संध्याकाळी तुम्ही मला काय काय करायचं ते सांगितलंत. गोळ्यांचा डबा माझ्या कपाटात. बागेतली फवारणीची औषधं घराबाहेर, तुमच्याकडे. रात्री एकटं ठेवायचं नाही. हे सगळं ह्यांच्यासमोरच, लपवून काही नाही. तेव्हा आजच्यासारखा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी टेलिमानसचा 14416 नंबर नव्हता, तो 2022 साली सुरू झाला. रात्री-अपरात्री फोन करायला आमच्याकडे तुम्हीच होता, आणि तुम्ही उचललात.

माझ्यासाठी तुम्ही जे केलंत त्याबद्दल कधी बोललेच नाही. दर बुधवारी तुम्ही ‘पेपर वाचूंक आयलों’ म्हणून यायचात आणि मला बाजारात पिटाळायचात. डिचोलीचा बुधवारचा बाजार माझा लहानपणापासूनचा. पण त्या दिवसांत घरातून निघताना पाय उचलत नसे, मागे काय होईल या धास्तीने. तुम्ही सोप्यावर आहात म्हटल्यावर मी मिरच्या निवडून घेऊ शकत होते, सुक्या मासळीचा भाव करू शकत होते, ओळखीचं कुणी भेटलं तर उभी राहून बोलू शकत होते. आजारी माणसाकडे सगळे बघतात. त्याच्याबरोबर जागणारीला पण दोन तास मोकळे लागतात, हे तुम्हाला कुणी शिकवलं, काका? काकी एकदा म्हणाल्या होत्या की तुमच्या घरातही एके काळी असंच जागरण होतं. तुम्ही स्वतः कधी काढलं नाहीत, मीही विचारलं नाही.

मग पंप. तुमच्या कुळागरातला, सुपारीच्या बागेतला, पंप पाणी ओढेना, तेव्हा तुम्ही ह्यांना ‘दुरुस्त कर’ म्हणाला नाहीत, ‘मेकॅनिक येतोय, तो मला फसवणार नाही ना ते बघ’ म्हणालात. हे गेले, विहिरीच्या काठावर बसले. मेकॅनिक मोटर खोलायला लागला तेव्हा हे पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाले, ‘मोटर बरी आसा. फूट व्हॉल्व पळय.’ पाइप वर ओढला तर व्हॉल्वच्या जाळीत पानांचा लगदा आणि आतला वायसर फाटलेला. वायसर ह्यांनी स्वतः बसवला. घरी आले तेव्हा हात चिखलाने माखलेले होते आणि आंघोळीला कुणी सांगावं लागलं नाही. मी देवासमोर दिवा लावला. दुसऱ्याच आठवड्यात हे पुन्हा उठेनासे झाले तेव्हा मी रडत तुमच्याकडे आले, तर तुम्ही म्हणालात, असंच होतं, वर जातं, खाली येतं, फक्त खालचं टोक मागच्यापेक्षा थोडं वर असतं का एवढंच बघ. होतं.

नंतर कधीतरी वाचनात आलं, की हे असं काम आपल्याच गोव्यात रीतसर करून पाहिलंय. संगाथ ही संस्था 1996 साली इथेच सुरू झाली. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी बोलायला बसवलं, आणि त्याचा फायदा होतो हे 2010 आणि 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दुसऱ्या अभ्यासात तर सहा ते आठ भेटींत रुग्णाला झेपेल असं छोटं छोटं काम पुन्हा हाती घ्यायला लावणं, हाच गाभा होता. मी ते तुम्हाला वाचून दाखवलं, तर तुम्ही म्हणालात, ‘म्हजो पंप लॅन्सेटांत येवंक ना मगो?’

पुढे काम मिळालं. खाणीवरच्या पगाराएवढं नाही, मातीकामाच्या मशीनवर, रोजंदारीसारखं. घरात पेढे वाटले गेले, आणि त्याच दिवशी मामंजी म्हणाले, ‘आता गोळ्या कशाला? नोकरी मिळाली ना?’ सगळं पुन्हा पहिल्या जागी यायला निघालं होतं. तुम्ही पेढा तोंडात टाकला आणि म्हणालात की गोळ्या नोकरी नव्हती म्हणून सुरू केल्या नव्हत्या, तेव्हा नोकरी मिळाली म्हणून त्या बंदही व्हायच्या नाहीत. डॉक्टरांनी बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने सांगितल्या होत्या, आणि कमी करायच्या त्याही त्यांनीच, हळूहळू. तसंच झालं. मधे ते कामही गेलं, दुसरं लागायला वेळ लागला. त्या मधल्या दिवसांत हे पहाटे उठून बसले नाहीत. झोपले, उठले, दाढी केली आणि काम शोधायला गेले. काम नसूनही माणूस बरा असू शकतो हे आमच्या घराने तेव्हा पाहिलं.

आता पुन्हा खाणींचे लिलाव होऊन काही सुरू होताहेत. हे अर्ज करतील की नाही, त्यांचं त्यांनी ठरवावं. मी विचारत नाही. झोप लागली का, ते विचारते.

काका, तुम्ही रागावणार हे माहीत आहे. रागावा, पण चवथीच्या आधी रागावून घ्या. यंदा गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या नारळ-सुपाऱ्या तुमच्या कुळागरातून आम्ही नेणार आहोत, तेव्हा ह्यांना शिडी धरायला ठेवू नका, वर हेच चढतील. काकींना सांगा, नेवऱ्यांचं पुरण करू नका म्हणावं. नेवऱ्या या खेपेला माझ्याकडून.

तुमची,
बाय