बाबा, तो कोट धुवू नका

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर आई म्हणाली की दिवाळीआधी माळा काढायचाय आणि आजोबांच्या ट्रंकेतला मिलिटरीचा कोट धुऊन इस्त्री करून ठेवायचाय, मी ऑफिसला निघालो होतो त्यामुळे नीट बोलता आलं नाही म्हणून हे लांबलचक लिहितोय. बाबा, तो कोट पाण्यात घालू नका. ब्रासोने बटणं चमकवू नका आणि आत कुठे जुनी चिंधी किंवा शिक्का असेल तर हातही लावू नका. तुम्ही चाळीस वर्षं शिलाई मशीनवर बसलात, तुम्हाला कारण सांगितलं की लगेच पटेल.

इथे फिलाडेल्फियात आमच्या शेजारी एक सत्तरी ओलांडलेले काका राहतात, त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आर्मीत होते. मी जुने युनिफॉर्म जमवतो हे त्यांना माहितीय म्हणून त्यांनी मागच्या महिन्यात वडिलांची पेटी माझ्यासमोर उघडली. कागद एकही नाही. सरकारकडेही मिळायची आशा कमीच, कारण १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या रेकॉर्ड ऑफिसला आग लागली आणि १९१२ ते १९६० मधे आर्मीतून सुटलेल्यांची जवळजवळ ऐंशी टक्के रेकॉर्ड्स जळाली. म्हणजे त्या माणसाची नोकरी आता फक्त कपड्यातच लिहिलेली उरलीय.

काका म्हणाले की हे जॅकेट घालून त्यांच्या वडिलांनी बर्मात रस्ता बांधला. जॅकेट कमरेपर्यंतचं, लोकरी, ज्याला सगळे आइक जॅकेट म्हणतात, म्हणजे १९४४ च्या पॅटर्नचं. मी आधी आतल्या खिशातलं लेबल शोधलं, विटलेलं होतं पण टॉर्च तिरपी धरल्यावर स्टॉक नंबर, फिलाडेल्फिया क्वार्टरमास्टर डेपोचं (म्हणजे आर्मीच्या कपडे-सामानाच्या कोठाराचं) नाव आणि कॉन्ट्रॅक्टची तारीख वाचता आली, १९४५. आता तो रस्ता म्हणजे लेडो रोड, तो आसामातून बर्मात जाऊन जानेवारी १९४५ मधे चालू झाला, तिथे असल्या लोकरी जॅकेटचं काय काम? मला वाटतं परत आल्यावर घरी सोडताना हे नवीन दिलं असणार. उजव्या खिशावर शिवलेला सोनेरी गरुडही तेच सांगतो, ते चिन्ह सन्मानाने डिस्चार्ज मिळालेल्यालाच देत.

काकांचा चेहरा जरा पडला. मग मी त्यांना डावी बाही दाखवली. मनगटाजवळ चार सोनेरी पट्ट्या, एक पट्टी म्हणजे परदेशातले सहा महिने, म्हणजे दोन वर्षं पूर्ण. सैनिकाच्या गळ्यातल्या ओळखीच्या बिल्ल्यावर नंबर ३३ ने सुरू होतो, पहिला ३ म्हणजे सक्तीच्या भरतीतला माणूस आणि दुसरा ३ म्हणजे पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, व्हर्जिनिया हा भाग. पुढे टी ४३ ४४, म्हणजे धनुर्वाताची लस १९४३ मधे आणि परत १९४४ मधे. आधीच्या बिल्ल्यांवर घरच्या माणसाचं नाव-पत्ता असायचा, १९४३ च्या मध्यात तो बंद केला, आणि ह्याच्यावर तो नाही. सगळं एकमेकांना धरून बसलं. लेडो रोडवर राबलेले बहुतेक अमेरिकन सैनिक काळे होते आणि काकांचे वडील त्यातलेच, त्यांच्याबद्दल आधीच फार कमी लिहिलं गेलंय, म्हणून मला ह्या चार पट्ट्या कुठल्याही मेडलपेक्षा मोठ्या वाटल्या.

आणि बाबा, डाव्या खांद्यावरचा पॅच! चायना-बर्मा-इंडिया ह्या युद्धआघाडीची ढाल, खाली लाल-पांढरे पट्टे, वर निळ्यावर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा. अमेरिकेत बनलेले पॅच मशीनने भरलेले, सगळे एकसारखे. हा हाताने भरलेला, चांदीच्या जरीचा, जर आईच्या जुन्या पैठणीसारखी काळवंडलेली, मागे जाड कापड आणि टाके थोडे वाकडे. अमेरिकन पोरं असले पॅच आपल्याकडच्या बाजारातून करून घ्यायची. म्हणजे हा एक तुकडा खरोखर तिकडून आला आणि घरी आल्यावर नव्या जॅकेटवर शिवला. कुठल्यातरी आपल्या कारागिराचे टाके मी फिलाडेल्फियात हातात धरून बसलो होतो, मला पाचेक मिनिटं बोलताच आलं नाही.

व्हिएतनाम युद्धाच्या काळातलं अमेरिकन जॅकेट ओळखणं त्यामानाने सोपं. एम-६५ जॅकेटच्या कॉलरमधे चेन असते, आत हूड घडी करून ठेवलेलं, आणि मनगटाला वेल्क्रो, आधीच्या एम-५१ ला हे नाही. लेबलवर डीएसए (सैन्याला माल पुरवणारं सरकारी खातं) १००-६८ असं दिसलं तर ६८ हे सरकारी आर्थिक वर्ष, जे तेव्हा १ जुलै १९६७ ला सुरू झालं, डीएलए असेल तर १९७७ किंवा नंतरचं कारण त्या वर्षी खात्याचं नाव बदललं. स्टॉक नंबर अकरा आकडी म्हणजे जुना, १९७४ पासून तेरा आकडी.

खोटा माल खूप आहे. मागच्या वर्षी एका विक्रेत्याने युद्धातला म्हणून दिलेला पॅच घरी यूव्ही टॉर्चखाली धरला तर दोरा निळा-पांढरा चमकला. आपण पांढऱ्या शर्टांना टिनोपाल द्यायचो ना, तसलीच चमक नंतरच्या दोऱ्यात असते, त्या काळच्या सुती दोऱ्यात नसते. पण अस्सल कपडा जरी आत्ताच्या साबण पावडरीत धुतला तरी तोही चमकतो आणि मग खरं-खोटं कळतच नाही. म्हणूनच तर म्हणतोय धुवू नका.

आजोबा इटलीत होते हे आपण ऐकत आलोय, कुठल्या वर्षी गेले, कोणत्या पलटणीबरोबर, हे कोणालाच नीट सांगता येत नाही. तुम्ही कोट दिवसा उजेडात, सावलीत, धुतलेल्या सुती धोतरावर पसरा आणि कपडा न ओढता बघा. आतल्या खिशात लेबल आहे का, शाईचा बाणासारखा शिक्का आहे का, बटणं पत्र्याची की प्लास्टिकची, खांद्यावर काही उसवल्याच्या खुणा आहेत का, तिथे आधी काहीतरी शिवलेलं असणार. काजं हाताने केलीत का मशीनने हे तर तुम्ही डोळे मिटून बोटांनी सांगाल. दादाला फोनवर सगळीकडून फोटो काढायला सांगा, लेबलचा फोटो टॉर्च तिरपी धरून, आणि मग त्याच धोतरात सैल गुंडाळून ठेवा, घट्ट घडी नको.

आईला सांगा रागावू नको, बाकी सगळा माळा खुशाल धुवा.

तुमचा धाकटा