‘खूप’ आणि ‘खूप’ यांत फरक काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नवशिक्यांसाठी इंग्रजीचं सदर येतं. मी त्याची कात्रणं काउंटरच्या काचेखाली ठेवते. गेल्या रविवारी चौकटीत छापलं होतं: मेनी म्हणजे खूप, मच म्हणजे खूप, फ्यू म्हणजे थोडे, लिटल म्हणजे थोडे, अ फ्यू म्हणजे थोडे, अ लिटल म्हणजेही थोडे. इंग्रजीतले सहा शब्द आणि मराठीत दोनच! खाली ‘मोजता येणारी’ आणि ‘मोजता न येणारी’ नामं अशी एक ओळ होती. तिनं तर आणखीच गोंधळ झाला, कारण ‘मनी’ हा शब्द मोजता न येणाऱ्यांत टाकला होता. माझा सगळा दिवस गल्ल्यावर पैसे मोजण्यात जातो.

माझं पाचगणीच्या बाजारात किराण्याचं दुकान आहे. इथल्या निवासी शाळांमध्ये मुलांना भेटायला येणारे पालक दूरदूरचे असतात, त्यांच्याशी इंग्रजीतच बोलावं लागतं. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ती २००० साली आली, तोवर माझी शाळा सुटून लग्नही झालं होतं. त्यामुळे जे शिकले ते गिऱ्हाइकांसमोर, हसं करून घेत शिकले.

एका गृहस्थांनी डझनभर अंडी मागितली. ट्रेमध्ये पाचच उरली होती. ‘थोडीच आहेत’ हे सांगायचं म्हणून मी म्हणाले, ‘ओन्ली लिटल एग्ज, सर.’ त्यांनी एक अंडं उचललं, फिरवून पाहिलं आणि साइज ठीक आहे, असं काहीतरी म्हणाले. मला कळेना, साइजचं कुठून आलं? रात्री मुलगी हसून हसून बेजार. लिटल एग्ज म्हणजे छोटी छोटी अंडी! अंड्यांना फ्यू लावायचं, दुधाला लिटल. नगापुढे लिटल आलं की त्याचं ‘थोडं’ राहत नाही, ‘चिमुकलं’ होतं. आपल्या चौकटीत हे कुठे होतं?

मग मी माझ्यापुरता दुकानी नियम केला: नगावर विकतो त्याला मेनी आणि फ्यू, वजना-मापावर विकतो त्याला मच आणि लिटल. अंडी, नारळ, काडेपेट्या एका बाजूला. साखर, तेल, मीठ दुसऱ्या बाजूला. काही दिवस बरं चाललं. पण टोमॅटो किलोवर विकतात तरी इंग्रजीत ते मेनीच, शेंगदाणेही मेनीच. उलट पाव आपण मोजून देतो, पण ब्रेड मात्र मच. साबणाचंही तसंच, तिथे मोजायची ती वडी. (आपणही ‘साबणाची वडी’ म्हणतोच की.) म्हणून आता मी तराजू सोडून देऊन आकडा लावून बघते. टू टोमॅटोज जमतं, टू शुगर जमत नाही.

आमचा खरा घोटाळा मराठीमुळे होतो आणि तेच कोणी सांगत नाही. साखर संपली, तेल संपलं, इथे काही अडचण नाही. पण तांदूळ संपले, गहू दळले, पोहे भिजवले, केस गळाले, पैसे दिले! आपल्याकडे हे सगळे अनेकवचनी, म्हणून तोंडून आपोआप ‘मेनी राइस’, ‘मेनी मनी’ निघतं. इंग्रजीत राइस, मनी, हेअर सगळे मच. मोजायचे ते दाणे आणि रुपये. ‘कितवा’ला इंग्रजीत सरळ शब्द नाही हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, पण ‘तांदूळ संपले’मधला हा ‘ले’ आपल्याला कुठे पाडतो, ते पोरांना सांगत नाही. आणि आपण रोज पानं भरभरून बातम्या छापता, त्या न्यूजसुद्धा इंग्रजीत मोजता येत नाहीत म्हणे.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ची गोष्ट तर आणखी सोपी आहे. आपल्याकडे त्यासाठी वेगळा शब्द नाही, पण ‘च’ आहे. ‘दूध थोडंच आहे’ म्हटलं की गिऱ्हाईक समजतं, नसल्यातच जमा. ‘थोडंसं आहे’ म्हटलं की पातेलं पुढे करतं. ‘अ’ नसलेलं लिटल म्हणजे ‘थोडंच’, आणि अ लिटल म्हणजे ‘थोडंसं’. फ्यूचंही तसंच. ‘वी हॅव फ्यू स्ट्रॉबेरीज’ म्हणाल तर माणूस पुढच्या दुकानात जाईल, ‘अ फ्यू’ म्हणाल तर थांबेल. एका ‘अ’वर गिऱ्हाईक जातं-येतं, आणि आपल्या चौकटीत दोन्हीकडे ‘थोडे’!

भावाचं मात्र नेहमी हाउ मच, मग नारळ दहा घ्या नाहीतर वीस, कारण तिथे विचारतात ते पैशांचं. आपलं ‘किती?’ आणि ‘कितीला?’ शेजारी शेजारी छापलं असतं तर एका ओळीत काम झालं असतं.

अगदीच अडलं तर मी ‘अ लॉट ऑफ’ म्हणते. ते अंड्यांनाही चालतं आणि साखरेलाही, अगदी आपल्या ‘खूप’सारखं. नवशिक्याला पहिल्या दिवशी हे द्यायचं सोडून तुम्ही ते चौकटीत घेतलंच नाही, याचं मला नवल वाटलं.

सदर लिहिणारे शिकलेले आहेत, त्यांना शिकवण्याइतकी मी मोठी नाही. पण पुढच्या रविवारी ‘इच’ आणि ‘एव्हरी’ येणार, असं खाली छापलंय. तेवढं ‘इच म्हणजे प्रत्येक, एव्हरी म्हणजे प्रत्येक’ असं छापू नका.

आपली नियमित वाचक,
एक किराणा दुकानदार, पाचगणी