कुरूप रस्ता आणि भाऊंचा कान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या ठाणे पुरवणीत 'शहरातला सर्वांत कुरूप रस्ता' म्हणून आमच्या गोखले रोडला पहिला नंबर दिलात, त्याबद्दल अभिनंदन. लेखकमहाशय मल्हार सिनेमापासून गावदेवीपर्यंत एकदा तरी पायी आले असतील असे धरून चालतो. फेरीवाले झाले, उखडलेले पेव्हर ब्लॉक झाले, लोंबत्या केबली झाल्या. फ्लेक्सच्या वाट्याला मात्र जेमतेम अर्धे वाक्य आले!

मी जन्मल्यापासून याच रस्त्यावर राहतो. नौपाड्यात एकेक जुने घर पाडून टॉवर उभे राहताहेत, आमची इमारत अजून तग धरून आहे. पहिला मजला, रस्त्याकडे गॅलरी. गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी दूध घ्यायला उठलो तर दिवाणखान्यात निळा उजेड. गॅलरीच्या गजांना बाइंडिंग वायरने फ्लेक्स ताणून बांधलेला. रात्री कधी बांधला, पत्ता नाही. आतून सगळी अक्षरे उलटी, आणि आमच्या दाराच्या बरोबर समोर भाऊंचा कान. नुसती पाळी माझ्या नातवाच्या डोक्याएवढी. भाऊंचा वाढदिवस एका दिवसात आटोपला, कान आमच्याकडे नऊ दिवस मुक्कामाला होता. पाचव्या दिवसापासून सौ. सकाळचा चहा घेताना त्या कानाशी बोलू लागली. घरात दुसरे कोण ऐकते, असे तिचे म्हणणे.

इमारतीच्या नावाची पाटीही झाकली गेली होती. प्लंबरचा घंटाळी मंदिराजवळून फोन, "काका, बिल्डिंग सापडत नाही." म्हटले, भाऊंच्या कोपराखाली बघ. सापडली.

तक्रार करायला गेलो तर आधी फोटो मागितला. दिला, तर म्हणाले हा आतून काढलाय, मजकूर उलटा दिसतो. खाली उतरून, रिक्षा चुकवत, पुन्हा काढला. दहाव्या दिवशी दोघे आले, ब्लेडने फ्लेक्स टराटरा फाडून घेऊन गेले. वायर आणि बांबू तसेच. विचारले तर उत्तर मिळाले, "आमची ऑर्डर फक्त फ्लेक्सची आहे." आठवड्याने त्याच बांबूंवर दहावीच्या विद्यार्थ्यांना शुभेच्छा लागल्या. विद्यार्थी एकही नाही, भाऊच. या वेळी मात्र आमच्या वाट्याला खांदा आला, त्यामुळे सौ. जरा नाराज होती.

मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा कायदा 1995 चा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन हजारांत आजकाल फ्लेक्स तरी छापून मिळतो का, कोण जाणे. बेकायदा फलकांवर उच्च न्यायालयाचा सविस्तर निकाल जानेवारी 2017 मध्ये लागला, राजकीय पक्षांनी आम्ही असले फलक लावणार नाही अशी हमीही न्यायालयात दिली. घाटकोपरला मे 2024 मध्ये होर्डिंग कोसळून माणसे गेली, तेव्हा चार दिवस सगळे माना वर करून चालत होते. पुढे पुन्हा जैसे थे. पाडव्याच्या स्वागतयात्रेत ढोल नुसते ऐकू येतात, पथके फलकांच्या फटीतून बघावी लागतात.

आता तुमच्याविषयी. लेखासोबत जो फोटो छापलात, त्यात उजव्या कडेला अर्धवट कापलेला एक फलक आहे. भिंग घेऊन पाहिला. तो तुमच्याच वर्तमानपत्राच्या गृहप्रदर्शनाचा आहे. प्रदर्शन डिसेंबरात उरकले. फलक अजून विजेच्या खांबावर आहे, एक कोपरा सुटलाय आणि वारा आला की रात्रभर फडफडतो. तो काढण्यासाठी फोटो कोणाकडे द्यायचा, आतून की बाहेरून, एवढे कृपया कळवावे. कुरूप रस्त्यांची यादी पुन्हा करणार असाल तर त्याआधी कळवलेत तर बरे.

जाता जाता, रविवारच्या शब्दकोड्याचे उत्तर गेले तीन आठवडे छापलेले नाही. आडवे सात अडले आहे.

कळावे,
एक जुना वर्गणीदार, नौपाडा, ठाणे

(नाव छापू नये. भाऊंचे दोन कार्यकर्ते आमच्याच तळमजल्यावर राहतात, आणि पाण्याच्या पंपाची किल्ली त्यांच्याकडे असते.)